पहिला कंटेम्पररी सोलो आणि त्याची फिल्म: शरीराचं वजन कसं जपायचं

प्रश्न असा आहे: काही वर्षं कंटेम्पररी (समकालीन नृत्य) शिकून झालंय, आजवर इतरांनी बसवलेल्या रचनाच केल्यात, आता आजीच्या जाण्यावर स्वतःचा पहिला सोलो करायचा आहे. तो रंगमंचावर न करता चार-पाच मिनिटांची फिल्म म्हणून करायचा आहे. कॅमेरा असलेली एक मैत्रीण मदतीला आहे, गाणं आधीच ठरलंय. सुरुवात कुठून करावी, आणि बघणाऱ्याला आपली खासगी डायरी वाचायला दिल्यासारखं वाटू नये म्हणून काय करावं?

मी बरीच वर्षं सोलो रचते आहे, इतरांना त्यांचे सोलो रचायला मदत करते, आणि त्यातले बरेचसे कॅमेऱ्यासाठीच झालेत. त्या अनुभवावरून ठामपणे सांगते की नाच पडद्यावर गेला की त्यातून सगळ्यात आधी वजन निघून जातं. समोर बसलेल्या माणसाला नाचणाऱ्याचं वजन अंगाला कळतं. टाच आपटली की जमिनीचा हादरा त्याच्यापर्यंत येतो, श्वास ऐकू येतो, शरीर आपल्या दिशेने आलं की आपण नकळत मागे रेलतो. पडद्यावर यातलं काहीच पोहोचत नाही. खरं पडणंही तिथे हलकं वाटतं, आणि जिवापाड धरलेला ठेहराव नुसताच थांबल्यासारखा दिसतो. दुसरीकडे, ज्याला आपण 'वैयक्तिक' म्हणतो तेसुद्धा नाचात वजनातूनच दिसतं. दोन जणी एकच फ्रेज (हालचालींचा छोटा सलग तुकडा) करतात तेव्हा कोण वजन कधी सोडते, कुठे अडवून धरते, पाय टेकल्यावर त्यावर किती उशिरा विसंबते, यातून त्या वेगळ्या कळतात. म्हणून रचताना, शूट करताना आणि एडिटला बसल्यावरही मी एकच गोष्ट तपासते: वजन दिसतंय का?

आता विषयाकडे. 'आजीचं जाणं' हा विषय खरा आहे, पण त्यातून हालचाल मिळत नाही. त्यावर थेट इम्प्रोव्हाइझ करायला, म्हणजे आधी न ठरवता सुचेल तसं नाचायला लागलात की दहा मिनिटांत हात छातीशी जातील, मग आकाशाकडे पसरतील, गुडघ्यांवर कोसळाल, पोटाशी मूठ आवळाल. भावना खरी असते, पण या हालचाली सगळ्यांच्या आहेत. त्या तुमच्या शरीरातून आलेल्या नसतात, आजवर पाहिलेल्या नाचांतून आलेल्या असतात. डायरीची भीतीही इथूनच येते. बघणाऱ्याला नुसतं 'मला खूप दुःख झालंय' एवढंच कळतं आणि त्यापुढे त्याला करण्यासारखं काही उरत नाही.

अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमचा 'लॅमेंटेशन' हा १९३० चा सोलो या बाबतीत अजून शिकवतो. नर्तकी एका बाकावर बसलेली, अंगभर ताणल्या जाणाऱ्या कापडाची नळी, बाहेर फक्त चेहरा, हात आणि पावलं. जवळजवळ सगळा नाच बसूनच होतो. कोण गेलं, कधी गेलं, काही सांगितलेलं नाही. शरीर आतून ढकलतं, कापड तिरकं ताणलं जातं आणि ते ताण आपल्याला दिसतात. दुःखाला एक अडथळा दिला आणि अडथळ्याशी झालेली झटापट लोकांसमोर ठेवली. तुम्हालाही असाच एक अडथळा, एक शारीरिक काम शोधायचं आहे.

त्यासाठी आजीच्या आठवणी लिहू नका, आजीच्या शरीराच्या नोंदी लिहा. ती जिना कसा चढायची, चष्मा कुठल्या हाताने काढायची, कुणी हाक मारली की आधी मान वळायची की खांदे, चादरीची घडी घालताना कोपरे कसे जुळवायची. आठवतील तेवढ्या नोंदी, एकेका ओळीत, विशेषणाशिवाय. 'प्रेमाने', 'थकलेली' हे शब्द खोडा. मग त्यातली एकच निवडा. दोन-तीन निवडायचा मोह होईल, तो आवरा.

समजा, 'जमिनीवरून उठणं' ही नोंद निवडली. म्हातारं माणूस जमिनीवरून कसं उठतं ते नीट आठवून बघा. आधी एक पाय जवळ ओढला जातो. मग उजवा तळवा उजव्या गुडघ्यावर येतो, डावा हात मागे जमिनीवर किंवा बाजूला भिंतीवर. इथे एक थांबा असतो, बाहेरून काहीच होत नाही, पण आत हिशेब चाललेला असतो. मग तळवा गुडघ्याला खाली दाबतो आणि त्या दाबाच्या जोरावर कंबर वर येते. डोकं शेवटी येतं, आणि पूर्ण उभं राहिल्यावरही तळवा गुडघ्यावरून लगेच सुटत नाही. हे चार-पाच सेकंदांचं काम आहे, आणि त्यात तुमच्या फिल्मला पुरेल एवढा ऐवज आहे.

आधी ते जसंच्या तसं शिका. अभिनय नको, म्हातारपणाची नक्कल नको, वाकलेली पाठ नको. तुमच्याच वयाच्या, तुमच्याच ताकदीच्या शरीराने फक्त वजनाचा प्रवास अचूक करा: कुठून निघालं, कुठे टेकलं, कुठे अडलं. मग एकेक गोष्ट बदला. गुडघ्यावरचा तळवा कमरेवर ठेवून तेच ढकलणं करा, मग बरगडीवर, मग जबड्याखाली. शरीर उठायच्या ऐवजी वळायला लागेल. मधला थांबा लांबवा, इतका की तोल जाईल, आणि जाऊ द्या. पूर्ण उठणं उलट्या क्रमाने करा, शेवटून सुरुवातीकडे. बसणं आणि उलट्या क्रमाने उठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही. तळवा गुडघ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच कंबर उचला. आधार नसताना वजन कुठे पळतं ते पाहा. एका नोंदीतून आठवडाभराचं काम निघतं, आणि त्यातली एकही हालचाल दुसऱ्या कुणाच्या सोलोतून आलेली नसते.

या सगळ्या वेळी फोन एका कोपऱ्यात लावून चालू ठेवा. इम्प्रोव्हायझेशनमध्ये जे सापडतं ते शरीर दुसऱ्या दिवशी विसरतं. रेकॉर्डिंग त्याच दिवशी मात्र पाहू नका. करताना जे 'आतून' छान वाटलं त्याचा प्रभाव एक रात्र उलटल्यावर ओसरतो. पाहताना आवाज बंद ठेवा. जिथे तुमचं स्वतःचं शरीर किंचित आखडतं किंवा श्वास अडतो, तो तुकडा घ्या. जिथे 'छान दिसतंय' एवढंच वाटतं, तो सोडा.

तुकडे हाती आल्यावर रचनेचा प्रश्न येतो, आणि इथे पुष्कळ जण कथेकडे वळतात: आजी होती, आजारी पडली, गेली, मी सावरले. मी तो रस्ता धरायला सांगणार नाही. तीन-चार मिनिटांच्या सोलोला साधा नियम पुरतो. अमेरिकन नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउनच्या १९७१ च्या 'अॅक्युम्युलेशन'मध्ये एक हालचाल पुन्हा पुन्हा होते, मग तिला दुसरी जोडली जाते, मग पहिली-दुसरी-तिसरी, असं वाढत जातं. सांगायला इतकं सोपं, तरी पाहताना गुंतवून ठेवणारं. तुमच्यासाठी याच्या उलटा नियम कदाचित जास्त बोलेल: उठण्याची पूर्ण फ्रेज सुरुवातीला दाखवायची आणि प्रत्येक आवर्तनात तिच्यातला एक आधार काढून घ्यायचा. आधी भिंत जाते, मग मागचा हात, मग गुडघ्यावरचा तळवा. शेवटी आधाराशिवाय उठायचं आहे. कोण गेलं हे सांगावं लागत नाही, आणि प्रत्येक वेळी शरीराला खरोखरच जास्त अवघड काम करावं लागतं. दमणं खोटं करावं लागत नाही.

गाण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे: ते सध्या बाजूला ठेवा. शब्द असलेलं गाणं असेल तर ते तुमच्या वतीने सगळं बोलून टाकतं आणि नाच त्याचं चित्र होऊन बसतो. शिवाय गाण्याच्या तालावर रचलं की वजन तालावर पडायला लागतं, शरीराला जेव्हा पडायचं असतं तेव्हा नाही. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी तर नाच आणि संगीत वेगवेगळे तयार करून प्रयोगातच एकत्र आणण्याची पद्धत अनेक वर्षं चालवली. तुम्ही एवढं टोक गाठायची गरज नाही. संपूर्ण सोलो शांततेत बसवा, श्वासावर बांधा, तो तसा उभा राहतोय याची खात्री करा, आणि संगीत एडिटच्या वेळी आणा. तेव्हाही तेच गाणं योग्य वाटलं तर जरूर घ्या.

लांबीबद्दल एवढंच: चार-पाच मिनिटं एकट्या शरीरावर कॅमेरा ठेवणं फार लांब होतं. तीन मिनिटं धरून चला.

फिल्मसाठी रचताना आणखी एक निर्णय लवकर घ्यायला हवा: पाहतंय कोण? रंगमंचावर प्रेक्षक कुठे आहे हे ठरलेलं असतं. फिल्ममध्ये कॅमेऱ्याला एक जागा द्यावी लागते. तो खोलीतला त्रयस्थ आहे? आजीच्या जागी बसलेला आहे? की तिथे कुणीच नाही आणि आपण चोरून पाहतोय? यावर तुमची नजर ठरते. लेन्समध्ये पाहिलं की क्षणात बघणाऱ्याशी थेट नातं जुळतं, आणि ते अर्धवट सोडता येत नाही. नृत्यरचनाकार इव्हॉन रेनरने १९६६ च्या 'ट्रायो ए'मध्ये नर्तकाची नजर प्रेक्षकांना भेटूच द्यायची नाही असं पक्कं ठरवलं होतं, आणि त्यामुळे सगळं लक्ष कामाकडे, शरीराकडे जातं. तुमच्या सोलोलाही मी हेच सुचवेन: पूर्ण वेळ लेन्स टाळा किंवा फक्त एका जागी भेटा. अधूनमधून चुकून गेलेली नजर मात्र लगेच खटकते.

आता जागेचं गणित. कनिंगहॅम जेव्हा कॅमेऱ्यासाठी रचना करू लागले, तेव्हा त्यांनी ज्या गोष्टीवर भर दिला ती प्रत्येक नर्तकाने पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. रंगमंच प्रेक्षकांच्या बाजूला रुंद असतो. कॅमेऱ्याचं क्षेत्र याच्या उलट आहे: लेन्सपाशी टोकदार आणि मागे पसरत जाणारं. म्हणजे पुढे आलात की रंगमंचावर मोकळे होता, फिल्ममध्ये कोंडले जाता. दोन पावलं पुढे येताच पावलं फ्रेमबाहेर जातात आणि एक हात पसरला की तोही जातो. म्हणून तालमीतच कॅमेरा लावा, स्क्रीनवर कडा कुठे येतात ते मैत्रिणीकडून पाहून घ्या आणि जमिनीवर रंगीत टेपने त्या दोन तिरक्या रेषा आखा. शेवटचे काही दिवस त्या रेषांच्या आतच तालीम करा. रचना बदलेल. आडवं धावणं निरुपयोगी ठरेल, तिरके आणि खोलीत जाणारे मार्ग जिवंत होतील. वेगही बदलतो: कॅमेऱ्याला आडवं गेलात की हालचाल झपाट्याने फ्रेम ओलांडते, कॅमेऱ्याकडे सरळ चालत आलात की बराच वेळ जागच्या जागी असल्यासारखं वाटतं, विशेषतः लांबच्या (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सवर.

लेन्स निवडताना मोठा मोह वाइडचा, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सचा असतो, कारण खोली लहान असते. फोनवरची ती अति-वाइड लेन्स नाचासाठी नको. कडेला गेलेला हात लांबतो, पाऊल फुगतं, आणि शरीराचं प्रमाण दर सेकंदाला बदलत राहतं. जिथे प्रमाण बदलतं तिथे वजन वाचता येत नाही. फोन असेल तर मुख्य लेन्स वापरा आणि जमेल तेवढं मागे जा. फुल-फ्रेम कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिलिमीटरने सुरुवात करा. जागा पुरत नसेल तर लेन्स बदलण्याआधी जागा बदला.

फ्रेममध्ये पाऊल आणि जमीन यांची गाठ दिसली पाहिजे. पावलं घोट्यापाशी कापली गेली की शरीर हवेत तरंगतं. पूर्ण शरीराच्या शॉटमध्ये डोक्यावर थोडी आणि पायांखाली त्याहून जास्त जागा ठेवा. कॅमेऱ्याची उंची उभ्या माणसाच्या डोळ्यांएवढी ठेवायची सवय असते. जमिनीवरच्या कामाला ती मारक आहे: वरून पाहिलं की फ्लोअरवर्क चटईवरच्या नक्षीसारखं सपाट होतं. उठण्याच्या फ्रेजसाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा आणि शरीराच्या बाजूला लावा, म्हणजे तळव्याचा दाब, मांडीचा ताण आणि कंबर सुटण्याचा क्षण एकाच रेषेत दिसेल. प्रकाशही बाजूने घ्या. समोरून आलेला प्रकाश सगळं सपाट करतो. बाजूचा प्रकाश स्नायू कोरून काढतो आणि पावलाखाली सावली टाकतो. ती सावली फार महत्त्वाची आहे, कारण पाऊल टेकल्याचा तोच पुरावा असतो. बाहेर शूट करणार असाल तर सकाळचं किंवा उतरतीचं ऊन घ्या.

स्लो मोशन हा या क्षेत्रातला सगळ्यात मोठा सापळा आहे. हौशी डान्स फिल्म्समध्ये तो सर्रास दिसतो आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यामागे बहुतेक वेळा चांगला नर्तक असतो. कारण साधं आहे. एक मीटर उंचीवरून पडायला कुठल्याही वस्तूला सुमारे ०.४५ सेकंद लागतो. बघणाऱ्याच्या शरीराला हे जन्मापासून माहीत आहे. तुम्ही सेकंदाला ५० फ्रेम्सवर शूट करून २५ वर दाखवलंत की तेच पडणं ०.९ सेकंदांचं होतं, आणि त्याच्या शरीराला कळतं की इथे गुरुत्वाकर्षण खरं नाही. दृश्य देखणं होतं आणि धोका निघून जातो. ट्रिशा ब्राउनचाच 'वॉटर मोटर' हा सोलो चित्रपटकार बॅबेट मँगोल्टने १९७८ मध्ये चित्रित केला, तेव्हा तिने तो आधी नेहमीच्या वेगात आणि मग संथ गतीत असा लागोपाठ दाखवला. पहिल्यांदा आपण त्या वेगाने भांबावतो आणि दुसऱ्यांदा तोच नाच सावकाश वाचतो. संथ गतीला तिथे स्वतंत्र काम आहे. नुसतं सुंदर दिसावं म्हणून ती वापरू नका.

म्हणून सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर १/५० सेकंद. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे घरातल्या दिव्यांचं लुकलुकणंही यामुळे सहसा टळतं. ६० हर्ट्झ असेल तर ३० फ्रेम्स आणि १/६०. उन्हात फोन आपोआप शटर फार वेगवान करतो, मग हालचाल तुटक, कडक दिसते. हाताच्या झटक्यामागे थोडं पुसट वळण राहायला हवं. त्यासाठी लेन्सवर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावा, आणि एक्स्पोजर व फोकस लॉक करा. लॉक न केल्यास तुम्ही कॅमेऱ्याकडे पाठ केली की पडद्यावर खोली उजळेल आणि वळलात की काळवंडेल.

कॅमेरा हलवायचा का? पहिल्या फिल्मला ट्रायपॉड उत्तम. गिंबलचं (कॅमेऱ्याचे हादरे शोषणाऱ्या हातातल्या स्टँडचं) तरंगणं मला या कामात आवडत नाही, कारण तरंगणाऱ्या डोळ्याला स्वतःचं वजन नसतं आणि तो समोरच्या शरीराचंही घालवतो. एखादा भाग हातात धरून करायचा असेल तर मैत्रिणीला तालमीला बोलवा, एकदा नाही, वारंवार. तिला सोलो पाठ व्हायला हवा: तुम्ही वजन कधी सोडता, कुठे थांबता. तिने कॅमेऱ्याशिवाय, नुसतं तुमच्यासोबत चालून पाहावं. चांगल्या हातातला कॅमेरा नर्तकासोबत श्वास घेतो आणि अर्धा क्षण उशिरा हलतो. त्या उशिरामुळेच त्याला तुमच्या निर्णयाचा पत्ता नव्हता असं वाटतं.

शूटच्या दिवशी आधी शरीराचा विचार. सिमेंट किंवा फरशीवर पडण्याची फ्रेज वारंवार करणं गुडघ्यांना आणि माकडहाडाला महागात पडतं. आत पातळ नी-पॅड घालता येतील असेच कपडे निवडा. कपड्यांचा रंग मागच्या भिंतीपासून सुटा दिसू द्या, बारीक रेघांचं कापड टाळा, ते पडद्यावर थरथरतं. टेकच्या मध्ये लाइट आणि लेन्सची जुळवाजुळव चालते, तेवढ्यात अंग थंड पडतं. उबदार कपडे चढवा, हलत राहा. पूर्ण जोर लावून संपूर्ण सोलो दिवसात तीन-चार वेळाच चांगला होतो, हे धरून आखणी करा. फ्रेम आणि फोकस ठरवताना फक्त मार्किंग करा, म्हणजे जोर न लावता हालचाली नुसत्या दाखवा. सगळ्यात आधी, शरीर तापलेलं आणि ताजं असताना, वाइडमध्ये संपूर्ण सोलो न थांबता घ्या. मग मधल्या अंतरावरून संपूर्ण. क्लोज-अप शेवटी, आणि तेही जिथे वजन टेकतं तिथलेच: गुडघ्यावरचा तळवा, जमिनीवर पसरणारी बोटं, मानेमागची शीर. प्रत्येक तुकडा दोन हालचाली आधी सुरू करा आणि दोन हालचाली नंतर संपवा. नेमक्या जागी सुरू केलेल्या शॉटमध्ये शरीर नुकतंच 'अॅक्शन' ऐकून हललेलं असतं आणि ते दिसतं.

एखाद्या टेकमध्ये रडू येईल. विषयच तसा आहे, येऊ द्या, थांबा, पाणी प्या. पण रडू आलेला टेक सर्वोत्तम असतो असं समजू नका. मी पाहिलंय की अशा टेकमध्ये श्वास वर छातीत अडकतो, खांदे चढतात, आणि उठण्याचं काम धूसर होतं. बऱ्याचदा त्याच्या नंतरचा टेक, जेव्हा शरीर रिकामं झालेलं असतं आणि फक्त काम करतं, तो पडद्यावर जास्त खोल उतरतो. दोन्ही ठेवा आणि काही दिवसांनी निवडा.

आवाजाकडे फार कमी जण लक्ष देतात, आणि वजन परत आणण्याचा तोच सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. शूट संपल्यावर त्याच जागेत, त्याच कपड्यांत, कॅमेरा बंद करून संपूर्ण सोलो पुन्हा करा आणि मायक्रोफोन जमिनीजवळ ठेवा. तळवा गुडघ्यावर आपटल्याचा आवाज, कापडाचं घासणं, टाच टेकणं, उठतानाचा श्वास. नंतर रिकाम्या खोलीची एक-दोन मिनिटांची शांतताही रेकॉर्ड करा. एडिटमध्ये हे आवाज चित्राशी जुळवून लावले की तेच पडणं एकदम जड होतं. संगीत आणायचं असेल तर या आवाजांना जागा ठेवूनच आणा.

एडिटला बसाल तेव्हा आधी वाइडचा एक संपूर्ण टेक टाइमलाइनवर अंथरा. तो कणा. प्रत्येक कटला कारण विचारा. 'कंटाळा येईल' हे कारण पुरत नाही; तिथे कंटाळा येत असेल तर बहुधा रचनेतच काहीतरी ढिलं आहे. कट कुठे करायचा याचा सगळ्यात स्पष्ट धडा चित्रपटकार माया डेरेनने १९४५ मध्ये नर्तक टॅली बीटीला घेऊन केलेल्या छोट्याशा मूकपटात आहे. नर्तक रानात पाय उचलतो आणि तो पाय उतरतो घरातल्या खोलीत. जागा पूर्ण बदलली, तरी आपल्याला धक्का बसत नाही, कारण पाय उतरण्याची क्रिया अखंड आहे. कट वजन एका पायावरून दुसऱ्याकडे जात असताना झालाय. हाच नियम धरा: कट हालचालीच्या पोटात करा, थांब्यावर नको. आणि जमिनीवर आदळणं व त्यानंतर सावरणं हे नेहमी एकाच शॉटमध्ये ठेवा. आदळल्याबरोबर कट केला की पडण्याची किंमत दिसत नाही आणि बघणारा मनातल्या मनात म्हणतो, खाली गादी असेल.

पहिली जुळणी झाली की ती नाचाशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना दाखवा. 'कळलं का?' असं विचारू नका, त्यावर सगळे आजीबद्दल अंदाज बांधत बसतात. विचारा, 'काय होताना दिसलं?' कुणी म्हणालं, 'कुणीतरी उठायचा प्रयत्न करतंय आणि मदत कमी कमी होत जातेय', तर फिल्म झाली. आजीचं नाव, फोटो, निवेदन, सुरुवातीची ओळ, यातलं काहीही घालायची गरज तेव्हा उरत नाही. अर्पणपत्रिका शेवटी नावांमध्ये एका ओळीत द्या.

राहिलं ते गाण्याच्या हक्कांचं. प्रसिद्ध गाण्यात सहसा दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चालीचे आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचे. फिल्मवर लावायला दोन्हींची परवानगी लागते, आणि खाली श्रेय लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. ऑनलाइन टाकल्यावर आवाज बंद केला जाऊ शकतो, महोत्सव प्रवेश नाकारू शकतात. त्यापेक्षा ओळखीच्या एखाद्या संगीतकाराला जुळवलेली फिल्म आणि जमिनीचे आवाज द्या, आणि त्यावर काहीतरी विरळ करायला सांगा. दोघांत लेखी ठरवून घ्या, मैत्री असली तरी.

फिल्म पूर्ण झाली तरी वाइडचा तो अखंड टेक आणि सुटे आवाज दोन वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. उद्या कुणी हाच सोलो प्रत्यक्ष सादर करायला बोलावलं, तर एडिट केलेल्या फिल्मवरून तो परत शिकता येत नाही. तुमच्या शरीराला त्या अखंड टेकवरूनच तो पुन्हा उभा करावा लागेल.